तिसरी रिंग

आमच्या घरात फोन उचलायचा एक नियम होता आणि तो मी केलेला होता. दोन रिंगा वाजून फोन बंद झाला तर समजायचं, सगळं ठीक आहे. उचलायचा नाही. तिसरी रिंग वाजली तरच उचलायचा, कारण मग पलीकडच्याला काहीतरी बोलायचं आहे. मी सैन्यात सिग्नलमध्ये होतो तेव्हापासूनचा हा नियम. गावात तेव्हा एकच फोन होता, किराणा दुकानात. रजा संपवून युनिटला पोचलो की मी बूथवरून दोन रिंगा द्यायचो आणि दुकानदार माझ्या बायकोला निरोप धाडायचा, पोचले म्हणून. लोकांना वाटायचं मी चिक्कू आहे. खरं सांगायचं तर मला फोनवर बोलता यायचं नाही. वायरलेस सेटवर मी दिवस दिवस बोलायचो, पण तिथं काय बोलायचं ते ठरलेलं असतं. बायकोशी काय बोलायचं ते कुणी ठरवून दिलं नव्हतं.

पुढं मोबाइल आले. मुलगी सांगलीला इंजिनिअरिंगला गेली, तिथून पुण्याला आणि तिथून जर्मनीला. फोन फुकटात लागायला लागले, त्यात चेहरे दिसायला लागले, तरी नियम राहिला. रविवारी ती आईशी तासभर बोलायची, ते वेगळं. पण रोज सकाळी साडेदहाच्या सुमाराला, तिकडं तिचं उजाडलं की, माझा फोन दोनदा वाजायचा आणि गप्प व्हायचा. बायको भाकरी थापताना मान वर करायची आणि म्हणायची, "उठली बाई." मग मी चहा मागायचो. इतकं ते ठरलेलं होतं.

आमचं गाव वडूजच्या अलीकडं. बायको कुंडलची. उसाच्या गावातली मुलगी मटकीच्या गावाला दिली, हे तिचे भाऊ लग्नानंतर तीस वर्षांनीही हसत हसत बोलून दाखवायचे. ती मात्र कधी बोलली नाही. तिचं बोलणं दुसऱ्याच गोष्टींवर असायचं. मुलगी ज्या यानावर काम करत होती, त्यावर तर ती इतकं बोलायची की वडूजच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईला उतरेपर्यंत गुरूच्या चंद्रांची नावं पाठ झालेली असायची.

ते यान गुरूकडे निघणार होतं. आत माणूस नाही, सगळी यंत्रं. गुरूला पुष्कळ चंद्र आहेत, त्यातले तीन मोठे चंद्र बर्फानं झाकलेले आहेत आणि त्या बर्फाखाली समुद्र असावेत असं शास्त्रज्ञांना वाटतं. ते बघायला हे यान जाणार. मुलीकडे रडारचं काम होतं. बर्फ न फोडता त्याच्या खाली खोल काय आहे ते रडारनं बघायचं. एका सुट्टीत तिनं आईला ते स्वयंपाकघरात समजावलं. पातेल्यातल्या दुधावर साय धरली होती, ती दाखवून म्हणाली, "ही साय म्हंजे बर्फ. साय न मोडता खाली दूध किती हाय, ते आमाला सांगायचंय."

"आन किती असंल पाणी?" बायकोनं विचारलं.

"सगळ्यात मोठा चंद्र हाय ना, गॅनिमिड, त्याच्या पोटात पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांपेक्षा जास्त असंल म्हणत्यात."

बायकोनं पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तिथं कुणी प्यायला न्हाई, तर येवढं पाणी. आन आपल्या येरळंत नुसती वाळू." आम्ही तिघेही हसलो. आमच्या तिघांचं एकत्र हसणं मला आठवतं त्यातलं ते शेवटचं.

आता जे सांगायचं आहे ते मी फार दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. यान उडायच्या आठवड्यात बायको जत्रेला माहेरी, कुंडलला गेली होती. बुधवारी रात्री तिच्या छातीत दुखायला लागलं. भावांनी तिला सांगलीच्या एका दवाखान्यात नेलं आणि मी पहाटेच्या गाडीनं तिथं पोचलो. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका मोठा आहे, दोन दिवस काढले तर काढले. ती शुद्धीवर होती. बोलत होती. यान गुरुवारी संध्याकाळी उडणार होतं.

मी ठरवलं की मुलीला कळवायचं नाही. यान उडेपर्यंत नाही. हे मी चिडून किंवा घाबरून ठरवलं नाही, अगदी शांत डोक्यानं ठरवलं. सासरवाडीच्या लोकांना आणि धाकट्या भावाला तसं बजावून ठेवलं. फौजेत हे मी शिकलो होतो. मी बर्फातल्या एका पोस्टवर होतो तेव्हा माझी आई गेली. तार खाली आली होती, पण आमच्या साहेबांनी ती खिशात ठेवली. पोस्टवरच्या माणसाला अशी बातमी द्यायची नाही, त्याचा हात थरथरला तर सगळ्यांच्या जिवाशी गाठ. मी पाळी संपवून खाली उतरलो तेव्हा त्यांनी तार माझ्या हातात दिली. आईला जाऊन तोवर अठरा दिवस झाले होते. मी टाच जुळवून म्हणालो, "बरं केलंत, साहेब." ही गोष्ट मी घरात अभिमानानं सांगायचो. ते मी मनापासून म्हणालो की नाही, याचा विचार मी कधी केला नव्हता. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत आहे, आणि ड्युटीवरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही हे आम्हाला इतकं रक्तात भिनलंय की ते चूक असू शकतं, हे मनातसुद्धा येत नाही.

गुरुवारी सकाळी साडेदहाला फोन वाजला. एक रिंग. दोन. बंद.

बायको खाटेवरून म्हणाली, "तिचीच ना? उचलायचा व्हता की. दोन शब्द बोलले असते."

मी म्हणालो, "अगं, दोन रिंगा हायत. खुशालीच्या. उचलायच्या न्हाईत."

हे मी बोललो. मरणाच्या दारात असलेल्या बायकोला मी माझा नियम सांगितला.

संध्याकाळी मी मोबाइल तिच्यासमोर धरला. तिकडं समुद्रापलीकडच्या एका जंगलाच्या कडेला ते रॉकेट उभं होतं. आकडे उलटे मोजत होते. आणि मग कुणीतरी सांगितलं की आभाळात विजेची भीती आहे, आज उड्डाण नाही, उद्या. बायको म्हणाली, "बरं झालं. मग आता लावा तिला फोन." मी म्हणालो, "आता तर तिचं डोकं ठिकाणावर पायजे. एक दिवस थांब." तिला वाद घालायची ताकद नव्हती, आणि मला वाटलं तिला पटलं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ती गेली.

तिला गाडीतून गावाकडे आणली. दुपारी चारला अग्नी दिला. उन्हाळ्याचे दिवस, ठेवणार तरी किती वेळ, असं सगळे म्हणाले आणि मीही मान हलवली. घरी येऊन आंघोळ केली आणि ओट्यावर बसलो. पावणेसहाला तिकडं यान उडालं. मी बघितलं नाही. सात वाजायच्या आत फोन वाजला. दोन रिंगा झाल्या. तिसरी झाली. चौथी. भाऊ म्हणाला, "दादा, उचल." मी उचलला.

"आबा! उडालं! नीट उडालं, सिग्नल बी आला!" तिच्या मागं लोक टाळ्या वाजवत होते, ओरडत होते. "आईला द्या. आईकडं द्या फोन."

मी काय बोलायचं ते गाडीत बसून पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. "आई गेली," मी म्हणालो. "सकाळी."

मागच्या टाळ्या चालूच होत्या.

ती आली, पण दशक्रियेच्या दिवशी. येरळेच्या काठावर विधी झाला. नदीत पाणी नव्हतं म्हणून टँकर बोलावला होता. सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन वाळूत बसली. तिचं रडून झालेलं होतं. तिनं मला विचारलं, "आबा, आईचं शेवटचं दोन दिवस तुमच्यापाशी हायत. मला ते पायजेत. काय बोलली, काय खाल्लं, माझं नाव काढलं का, सगळं."

मी म्हणालो, "काय न्हवतं त्यात. झोपूनच व्हती."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी वायरलेसवर आयुष्य काढलं. माणूस खोटं बोलताना आवाज कसा होतो ते मला कळतं. ती माझी मुलगी आहे, तिलाही कळतं. ती उठली, पायाची वाळू झाडली आणि म्हणाली, "तुमी त्या पोस्टवरनं अजून खाली उतरलाच न्हाईसा." दुसऱ्या दिवशी ती गेली. पोचल्यावर दोन रिंगा आल्या नाहीत. त्यानंतर कधीच आल्या नाहीत.

सव्वादोन वर्षं झाली. तिनं फोन केला नाही म्हणून मीही केला नाही. मी मनाची समजूत अशी घातली होती की तिनं रेडिओ सायलेन्स लावला आहे. सायलेन्सचा हुकूम असताना सेटवर बोलायचं नसतं, हुकूम देणारा उठवेल तेव्हाच बोलायचं. मी शिस्तीचा माणूस. शिस्तीच्या नावाखाली मी भित्रेपणा किती छान झाकून ठेवला होता, ते आता लिहितानाही लाज वाटते.

घरात मी एकटा. सकाळी साडेदहा वाजता मला चहा लागायचा आणि तो मी स्वतः करून प्यायचो. भाकरी भावाच्या घरून यायची. मी शेतावर जायचो, घेवड्यात फिरायचो, परत यायचो. बोलायला कुणी नाही असं नव्हतं; पारावर माणसं होती, माजी सैनिकांची बैठक होती. पण घरात शिरल्यावर आपण काय बघून आलो ते सांगायला कुणी नसलं, की बाहेर जाऊन काही बघण्यातही राम राहत नाही.

यानाची बातमी मात्र मी शोधून शोधून वाचायचो. मुलीची खुशाली कळायचा तेवढाच मार्ग उरला होता. ती परत गेल्यावर थोड्याच दिवसांत बातमी आली की रडारचा घडी करून ठेवलेला लांब अँटेना उघडेना, एक बारीकशी खीळ अडकली आहे. तो तिचाच अँटेना. मी रोज सकाळ-संध्याकाळ बातमी बघायला लागलो. दोन-तीन आठवडे ते लोक यानाला हलवत राहिले, उन्हात वळवत राहिले आणि शेवटी अँटेना उघडला. मी ओट्यावरून उठून घरात गेलो, स्वयंपाकघरापर्यंत गेलो आणि तिथं उभा राहिलो. मला लय आनंद झाला होता आणि तो कुणाला सांगावा ते कळेना.

ते यान सरळ गुरूकडे जात नाही. वडूजहून साताऱ्याला निघालेल्या एसटीनं आधी दहिवडीला वळसा घालावा तसं त्याचं आहे. वेग मिळवायला ते पृथ्वीजवळून जातं, शुक्राजवळून जातं, पुन्हा पृथ्वीजवळून जातं. गेल्या वर्षी श्रावणात ते पृथ्वीजवळून गेलं. आदल्या संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. दिसणार काहीच नव्हतं, ते मला ठाऊक होतं. आपल्या इतक्या जवळून येणार आणि न थांबता जाणार, एवढंच मनात होतं. आभाळ भरून आलं तेव्हा खाली आलो.

मग यंदाच्या आषाढात बातमी आली, की यान गप्प झालं. शुक्राजवळ पोचायला महिना-दीड महिना राहिला होता आणि त्याच्याकडून काहीच येईना. बातमी चार ओळींची होती. मुलीला फोन लावावा म्हणून मी मोबाइल हातात घेतला आणि खाली ठेवला. मग दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरून मी सांगलीला गेलो.

सांगलीला मुलीची वसतिगृहातली मैत्रीण राहते. व्यापारी जैन घरातली, आता तिथल्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. कॉलेजात असताना सुट्टीला आमच्याकडे यायची, बायकोच्या हातची मटकीची उसळ मागून मागून खायची. तिच्या घराकडे जाताना रिक्षा त्या दवाखान्यावरून गेली. मी दुसरीकडे बघितलं.

तिनं मला बसवलं, पाणी दिलं. मुलीबद्दल एक शब्द काढला नाही, मीही काढला नाही. मी यानाचं विचारलं.

"काका, सापडलं ते," ती म्हणाली. "आज सकाळीच कळलं. बोलायचं यंत्र बंद पडलं होतं त्याचं. बाकी सगळं धडधाकट होतं."

"मग सुरू कसं केलं?"

"पृथ्वीवरून हुकूम पाठवत राहिले. उत्तर येत नव्हतं. ऐकू जातंय की नाही तेही कळत नव्हतं. एकदा पाठवला, काही नाही. परत पाठवला, काही नाही. तरी पाठवत राहिले. त्यातला एक लागला आणि ते बोलायला लागलं." मग ती हसली. "तुम्ही तर सिग्नलमध्ये होता. मी काय तुम्हाला सांगायचं!"

खरंच, मला काय सांगायचं होतं तिनं! हे मीच केलेलं होतं. त्या बर्फातल्या पोस्टवर असताना एकदा वादळात आमच्या पुढच्या तुकडीचा आवाज यायचा बंद झाला. मी दर तासाला हवामान आणि वाट सांगत राहिलो, एकेक वाक्य दोनदोनदा, उत्तराची वाट न बघता. चार दिवस. पाचव्या दिवशी ती पोरं उतरून आली आणि माझ्या गळ्यात पडली. त्यांना सगळं ऐकू येत होतं, बोलता तेवढं येत नव्हतं. मला त्यासाठी शाबासकी मिळाली होती. आणि माझ्या स्वतःच्या मुलीपाशी मी सव्वादोन वर्षं सेट बंद करून बसलो होतो, सायलेन्स पाळतोय म्हणून.

परतीच्या गाडीत मला आणखी एक गोष्ट कळली. साहेबांनी खिशातली तार माझ्या हातात दिली, तेव्हा 'बरं केलंत' हे मी मनापासून म्हणालो नव्हतो. मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली होती.

त्या संध्याकाळपासून मी मुलीला मेसेज लिहायला लागलो. एका बोटानं मराठी टाइप करायचं म्हणजे दोन ओळींना अर्धा तास. पहिल्या दिवशी लिहिलं, "तुमचं यान सापडलं, कळलं. बरं वाटलं. इकडं पाऊस नाही. आबा." मेसेजखाली दोन राखाडी खुणा उमटल्या, म्हणजे तिच्या फोनपर्यंत पोचला. त्या निळ्या झाल्या की वाचला, असं मला भावानं सांगितलं होतं. त्या निळ्या झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "महाबळेश्वरला धो धो चालू आहे, आपल्याकडं नुसतं वारं." तिसऱ्या दिवशी, "घेवडा उगवून आला. तुझ्या चुलत्याची म्हैस व्याली." मी आपला तुकडीचा अहवाल द्यावा तसा देत राहिलो. दोन राखाडी खुणा. रोज.

तीनएक आठवडे हे चाललं. एकदा मनात आलं, पुरे, तिला नको असेल. पण ते यान गप्प असताना हुकूम पाठवणारा माणूस असं म्हणाला असता तर काय झालं असतं, असं वाटून मी पुन्हा लिहायला बसायचो. श्रावणात एकदा पहाटे जाग आली म्हणून बाहेर आलो. पाऊस नव्हताच, पूर्वेला आभाळ उघडं होतं आणि तिथं गुरू आणि शुक्र एकमेकांच्या अगदी शेजारी आले होते. शुक्र तर शेतातल्या दिव्यासारखा ठळक. यान त्या दोघांतल्या जवळच्याकडे निघालेलं आणि लांबच्याकडे पोचायला त्याला अजून सहा वर्षं. मी तेव्हा असेन की नाही कुणास ठाऊक. बायकोला हे दाखवायला हवं होतं. तिनं शेजारच्या चार बायका उठवून आणल्या असत्या.

मी घरात गेलो, दिवा लावला आणि जे लिहायचं टाळत होतो ते लिहायला बसलो. उजाडून ऊन वर आलं तेव्हा ते पुरं झालं. ते असं होतं:

"तू नदीवर विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. आई झोपून नव्हती. तिनं तीनदा तुझं नाव काढलं. गुरुवारी तुझ्या दोन रिंगा वाजल्या तेव्हा म्हणाली, उचलायचा होता की, मी तिला नियम सांगितला. संध्याकाळी यान उद्यावर गेलं तेव्हा म्हणाली, आता लावा, मी लावला नाही. शुक्रवारी पहाटे तिला नीट कळत नव्हतं. तिनं विचारलं, पोरगी आली का. मी म्हणालो, वाटेत आहे, येतीय. त्यावर तिला बरं वाटलं. म्हणाली, मग माझे केस विंचरा, अशी कशी दिसू मी तिला. मी विंचरले. मग दाराकडे तोंड करून पडली. ती तुझी वाट बघत गेली. तुझ्या कामात विघ्न नको म्हणून मी हे केलं, असं मी सगळ्यांना सांगतो. तेही खरं आहे. पण तुला फोन लावला असता तर ती जाणार आहे हे मला माझ्या तोंडानं बोलावं लागलं असतं, आणि ते मला जमत नव्हतं. माफ कर म्हणायला तोंड नाही. आबा."

पाठवलं. दोन राखाडी खुणा आल्या. मी चहा ठेवायला उठलो. परत येऊन बघतो तर खुणा निळ्या झालेल्या. त्या एकाच मेसेजच्या नाहीत. मी वर वर सरकवत गेलो. घेवडा, म्हैस, महाबळेश्वरचा पाऊस, पार पहिल्या दिवसापर्यंत सगळ्या निळ्या.

मग काहीच आलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी शेतावर फोन घेऊन जायला लागलो, सदऱ्याच्या खिशात, छातीशी. तिसऱ्या दिवशी मी घरातच होतो. साडेदहाची वेळ, चहा ओतत होतो आणि फोन वाजला. तिचं नाव.

एक रिंग.

मी जागचा हललो नाही. हात पुढं गेला होता तो मागं घेतला. नियम माझाच.

दोन रिंगा. मी मनाशी म्हणालो, एवढं पुष्कळ झालं. खुशाल आहे म्हणून कळवलं, माझ्या लायकीपेक्षा जास्त झालं. आता बंद होईल.

तिसरी वाजली.

चहा सांडला. मी फोन कानाला लावला. पलीकडून काही नाही. नुसता श्वास. सेटवर असं झालं की आम्ही विचारायचो, ऐकू येतंय का. मी तेवढंच विचारलं.

"येतंय," ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तिनं विचारलं, "आबा, कंगवा कुणाचा व्हता?"

"शेजारच्या खाटेवरल्या म्हातारीचा. मागून घेतला."

"आन येणी?"

"मला कुठं येती येणी घालायला. नुसता आंबाडा बांधला. तो बी सुटत व्हता. तुझी आई म्हणाली, ऱ्हाऊ द्या, ती आली की घालंल."

बराच वेळ ती रडत होती. मी फोन तसाच कानाला लावून उभा राहिलो. मग तिनं आवाज नीट केला.

"आता सगळं सांगा," ती म्हणाली. "लिहू नका. बोला. बुधवारपासनं."

मी खाली बसलो. पाठ केलेलं काही नव्हतं.

"बुधवारी मी हितं घरातच व्हतो," मी सुरुवात केली. "नऊ वाजले असत्याल. तुझ्या मामाचा फोन आला. दोन रिंगा झाल्या आन तिसरी वाजली."